कृश देहातील मधुमेह

झाशी शहराच्या जुन्या तटाला दहा दरवाजे होते. खंडेराव, ओरछा, सागर, लक्ष्मी, भांडेर अशी त्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. त्यांपैकीच एक दतिया दरवाजा. येथून निघणारा रस्ता दतियाकडे जातो म्हणून हे नाव पडले, आणि आता सगळे त्याला दतिया गेट म्हणतात. सरकारी नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ झाशीत होतो. एम. ए. ला माझा विषय इतिहास होता, त्यामुळे सुटीच्या दिवशी या दरवाजांवरून चक्कर मारणे हा माझा विरंगुळा असे. झाशीत मराठी घराणी पुष्कळ आहेत. १७४२ च्या सुमारास नारोशंकर येथे सुभेदार म्हणून आले. पुढे नेवाळकरांकडे सुभा गेला. त्या काळात दक्षिणेतून आलेल्या कुटुंबांचे वंशज अजूनही घरात मराठी बोलतात. त्या मराठीला बुंदेली हेल असतो, पण देवघरातील गणपती आणि स्वयंपाकघरातील पुरणपोळी मात्र आपलीच.

दतिया गेटजवळच्या अशाच एका घरी माझे जाणेयेणे होते. घरात एक वृद्ध आजी, त्यांचा शाळामास्तर मुलगा, सून आणि एक नात. मास्तरांचे वय अडतीस. अंगाने इतके सडपातळ, की सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसे. त्यांच्या पायाला एक लहानशी जखम झाली आणि ती दोन महिने भरली नाही. तेव्हा रक्त तपासले आणि मधुमेह निघाला. डोळ्यांच्या पडद्यावरही त्याचा परिणाम झालेला होता. म्हणजे रोग कित्येक वर्षे मुकाट्याने आत वावरत होता. पूर्वी एकदा थकवा येतो म्हणून ते एका वैद्यकव्यावसायिकाकडे गेले होते. ‘तुमच्यासारख्या काडीला कसली आली साखर?’ असे हसत म्हणून त्या गृहस्थांनी त्यांना शक्तीचे औषध देऊन परत पाठवले होते.

आजींनी मला एक प्रश्न विचारला. “साहेब, तुम्ही शिकलेसवरलेले. आमच्या घरात कोणी लठ्ठ नाही, कोणी मिठाईचा शौकीन नाही. माझ्या सासूबाईंनी दुष्काळाच्या गोष्टी सांगितल्या, मी स्वतः अर्धपोटी दिवस काढले. ही शुगर तर शेठ-सावकारांची. मग ती आमच्या दारात आली कोठून?”

त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे वाचन करताना ते सापडले, आणि आश्चर्य असे, की ते सापडले आपल्या पुण्यात, के. ई. एम. रुग्णालयात व पुण्याजवळच्या सहा खेड्यांत. त्या उत्तराची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत जुनी आहे. परंतु आपल्याकडील सर्वांत जुने वैद्य तसे म्हणत नव्हते. ज्या रोग्याच्या मूत्राला मुंग्या लागतात त्याचे वर्णन करताना चरकसंहितेने प्रमेहाचे रोगी दोन प्रकारचे सांगितले आहेत: एक स्थूल व बलवान, दुसरा कृश व दुर्बल. दोघांची चिकित्साही वेगळी सांगितली. स्थूल रोग्याचे शोधन करावे, कृश रोग्याचे पोषण करावे. सुश्रुताने सहज आणि अपथ्यनिमित्त असे दोन भेद केले. एक जन्माबरोबर आलेला, दुसरा आहारविहारातून ओढवलेला. रोगाची दोन रूपे असतात आणि त्यांतील एक रूप बारीक माणसाचे असते, ही जाणीव आपल्या परंपरेत होती.

पुढे ती मागे पडली. १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन याने रोग्याचे मूत्र आटवून त्यात साखर असल्याचे दाखवले. १८८९ मध्ये फोन मेरिंग आणि मिंकोव्हस्की यांना कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकल्यास मधुमेह होतो असे आढळले. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिनचा शोध लावला व १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम एका मुलास टोचले गेले. याच काळात हिंदुस्थानातील मधुमेहाची चर्चा इंग्लंडात होत होती. १९०७ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एक्झिटर येथील सभेत उष्ण कटिबंधातील मधुमेह हा विषय निघाला. त्या काळच्या लिखाणात वारंवार दिसणारे चित्र एकच: बैठे काम करणारा, सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी असा वकील अथवा अंमलदार. दवाखान्यात जो येतो तोच वैद्यास दिसतो. जो खेड्यात, तपासणीवाचून, ‘अशक्तपणा’ने मरतो त्याची नोंद कोठेच होत नाही.

१९३६ साली लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी मधुमेहाचे दोन वर्ग पाडले. काही रोग्यांवर इन्शुलिनचा लगेच परिणाम होतो. काहींचे शरीर इन्शुलिनला दाद देत नाही. १९८८ मध्ये अमेरिकेतील जेराल्ड रीव्हन यांनी पुढचा दुवा जोडला. इन्शुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील अपायकारक मेद एकत्र वाढतात, आणि त्यातूनच हृद्रोग उद्भवतो. मधुमेह आणि हृदयविकार ही दोन दुखणी एकाच मुळाच्या दोन फांद्या ठरली. पण ते मूळ कोठे रुजते, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नास इंग्लंडच्या साउदॅम्प्टन येथील डेव्हिड बार्कर यांनी अगदी निराळे वळण दिले. १९८६ साली त्यांना दिसले, की इंग्लंड व वेल्सच्या ज्या भागांत शतकाच्या आरंभी तान्ही मुले अधिक मरत, त्याच दरिद्री भागांत पुढे हृद्रोगाने अधिक माणसे मरत होती. हर्टफर्डशायर परगण्यातील सुइणींनी १९११ पासून नवजात बालकांची वजने वह्यांत टिपून ठेवली होती. त्या वह्या शोधून बार्कर यांनी ती बालके म्हातारपणी कशाने मेली याचा मेळ घातला. ज्यांचे जन्मवजन कमी, त्यांच्यात हृद्रोग अधिक. आपल्याकडे म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातील १९३४ पासूनच्या नोंदींवरून तसाच निष्कर्ष १९९६ साली निघाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या संशोधनाचे विशेष अप्रूप वाटते. ज्या सुइणीने काट्यावरचा आकडा इमानाने वहीत लिहिला, तिला ऐंशी वर्षांनी कोणी तो वाचील असे स्वप्नातही आले नसेल.

१९९२ मध्ये बार्कर आणि केंब्रिजचे निक हेल्स यांनी याची उपपत्ती मांडली. गर्भाला अन्न कमी पडले, की तो काटकसर करतो. मेंदूला राखतो आणि स्नायू, यकृत, स्वादुपिंड यांच्या वाट्याला कमी देतो. ही काटकसर दुष्काळात उपयोगी पडते, पण पुढे अन्नाची चंगळ झाली तर तीच अंगाशी येते.

हे सारे पुण्यात बसून एक भारतीय वैद्य बारकाईने वाचीत होते. त्यांचे नाव डॉ. चित्तरंजन याज्ञिक. ऑक्सफर्ड येथे संशोधनाचा अनुभव घेऊन ते पुण्यास परतले आणि १९१२ साली स्थापन झालेल्या के. ई. एम. रुग्णालयात मधुमेहाच्या रोग्यांवर काम करू लागले. विलायती पुस्तकात टाइप दोनचा मधुमेही पन्नाशी-साठीचा आणि लठ्ठ असे. पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागातला मधुमेही त्याहून पुष्कळ तरुण आणि पुष्कळ बारीक होता. बारीक खरा, पण त्याचे पोट मात्र सुटलेले. पुस्तक आणि रोगी यांचा मेळ बसेना, तेव्हा याज्ञिकांनी रोग्यावर विश्वास ठेवला. शास्त्राच्या इतिहासात हा विवेक सोपा नसतो.

साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने त्यांनी प्रथम के. ई. एम. मध्येच जन्मलेली चार वर्षांची मुले तपासली. ज्यांचे जन्मवजन कमी होते त्यांच्या रक्तात साखर पाजल्यानंतर शर्करेचे प्रमाण अधिक चढत होते. चार वर्षांचे मूल! ते काय मिठाई खाणार आणि काय बैठे काम करणार? पुढे तीच पाहणी आठव्या वर्षी वाढवली गेली. जन्मतः बारीक आणि आठव्या वर्षी जाड, अशा मुलांच्या शरीरात हृद्रोगाला निमंत्रण देणारी लक्षणे सर्वांत अधिक आढळली.

आता आणखी मागे, मातेच्या उदरापर्यंत जाणे भाग होते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाली. सुमारे अडीच हजार विवाहित स्त्रियांची उंची, वजन व आहार ही त्या गरोदर होण्यापूर्वीच नोंदली गेली. मग त्यांतील सुमारे आठशे गर्भारपणांचा मागोवा घेतला आणि सातशेहून अधिक बालके जन्मली. संशोधकांसमोर उभी राहिलेली ती माता कशी होती? वय सुमारे एकवीस, उंची पाच फूट, वजन बेचाळीस किलो. दिवसाला अठराशेच्या आत उष्मांक आणि पंचेचाळीस ग्रॅम प्रथिने एवढाच तिचा आहार. त्यावर शेतातील काम, विहिरीवरून पाणी आणणे, घरचे रांधणे. आगरकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या आहाराचा अभ्यास केला. बालकाच्या वजनाचा संबंध मातेने किती उष्मांक खाल्ले याच्याशी नव्हता. तो पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी होता. ज्या स्त्रियांना कष्टाची कामे अधिक, त्यांची बालके अधिक लहान होती. भाकरी पोट भरते. गर्भाची घडण तेवढ्यावर होत नाही.

त्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो होते. येथवर काही नवल नव्हते. नवल पुढे होते. पुण्याच्या बालकाचे दंड बारीक, पोटातील अवयव लहान, स्नायू थोडे. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी घटलेली नव्हती. हाडकुळे दिसणारे ते बालक आतून मेदयुक्त होते. याज्ञिकांनी २००३ साली त्याला इंग्रजीत जे नाव दिले त्याचा अर्थ ‘कृश-स्थूल भारतीय बालक’ असा होतो. लंडनच्या गोऱ्या बालकांशी तुलना करता पुण्याच्या बालकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलिनही अधिक सापडले. म्हणजे ज्या विकाराला आपण चाळिशीचे फळ समजत होतो, त्याचे बीज जन्माच्या दिवशीच दिसत होते.

ही गोष्ट सामान्य वाचकास पटावी म्हणून याज्ञिकांनी स्वतःलाच उदाहरण केले. २००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ते आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचे उंचीशी वजनाचे प्रमाण नेमके सारखे, २२.३. कोणीही दोघांना सडपातळच म्हणेल. परंतु यंत्राने मोजता युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. रुग्णालयातील लिफ्टचे दार बंद होण्याआधी धावत जाणे हाच आपला मुख्य व्यायाम, अशी स्वतःची थट्टाही त्यांनी त्या लेखात केली आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी वजनाच्या धोक्याची पहिली रेषा तेविसावर धरावी असे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनीही पुढे तीच रेषा धरली, आणि पुरुषाच्या कमरेचा घेर नव्वद व स्त्रीचा ऐंशी सेंटिमीटरांच्या आत असावा असे सांगितले. म्हणजे वजनकाट्याइतकेच शिंप्याच्या टेपालाही महत्त्व आले.

मग मातेच्या ताटात नेमके काय उणे होते? याचा एक धागा जुन्या मुंबईत सापडतो. १९२८ नंतरच्या काही वर्षांत लूसी विल्स ही इंग्रज वैद्य मुंबईत आली होती. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणारा एक घातक पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे तिने दाखवले. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे आजचे फोलिक आम्ल. आज प्रत्येक गरोदर स्त्रीला ते दिले जाते, आणि द्यावयासच हवे, कारण त्यामुळे गर्भाच्या मेंदूचे व पाठीच्या कण्याचे गंभीर दोष टळतात. परंतु फोलिक आम्लाचा एक जोडीदार आहे, बी-१२ जीवनसत्त्व. शरीरात दोघांचे काम एकमेकांच्या हातात हात घालून चालते. बी-१२ वनस्पतींत जवळजवळ नसते. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. पुण्याच्या खेड्यांतील सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ते कमी आढळले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे ज्या मातांच्या रक्तात फोलिक आम्ल भरपूर पण बी-१२ अपुरे होते, त्यांची मुले सहाव्या वर्षीच इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. पुरुषांतही हेच उणेपण दिसले. २००६ च्या एका पाहणीत शहरी मध्यमवर्गातील ८१ टक्के पुरुषांत बी-१२ कमी निघाले. सुखवस्तूंच्या भरल्या ताटातही एक जागा रिकामी होती.

त्या सहा खेड्यांतील बालके आता मोठी झाली. अठराव्या वर्षी सुमारे सहाशे जणांची तपासणी झाली. त्यांतील जवळजवळ निम्मी मुलेमुली वजनाने अपुरी होती. आणि तरीही ३७ टक्के तरुणांत व १८ टक्के तरुणींत रक्तशर्करा सामान्य मर्यादेबाहेर गेलेली होती. श्रोतेहो, हा आकडा ऐकताना मला दतिया गेटजवळचे ते मास्तर आठवतात.

येथे इतिहासाकडे पुन्हा वळतो. बुंदेलखंडाने १८६८-६९ चा दुष्काळ पाहिला आणि १८९६-९७ च्या महादुष्काळाची सुरुवातही याच भागातून झाली. आजींच्या सासूबाई ज्या गोष्टी सांगत त्या याच परंपरेतील. उपासमारीचा ठसा किती पिढ्या टिकतो, यावर पुण्यात एक विलक्षण प्रयोग झाला. उंदरांच्या पन्नास पिढ्या अपुऱ्या अन्नावर वाढवल्या. नंतर दोन पिढ्यांना पोटभर अन्न दिले. तरी त्यांच्यातील दोष पुसला गेला नाही. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, आणि एका घरातील रोगाचे कारण शंभर वर्षांपूर्वीच्या दुष्काळात निश्चितपणे दाखवता येणार नाही. आनुवंशिकता, आजचा आहार, व्यायामाचा अभाव यांचाही वाटा आहेच. पण युरोपात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये जी उपासमार झाली, त्या वेळी उदरात असलेली मुले पन्नाशीला पोहोचली तेव्हा त्यांच्यात रक्तशर्करेचा दोष अधिक दिसला, हे माणसांतील उदाहरण आहे.

भुकेतून उद्भवणाऱ्या एका वेगळ्या मधुमेहाची कथाही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला यादीत स्वतंत्र स्थान दिले, १९९९ मध्ये ते काढून घेतले, आणि २०२५ साली आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला पाचवा प्रकार म्हणून मान्यता दिली. ज्या कृश रोग्याला चरकाने ओळखले होते, त्याला अशा रीतीने पुन्हा यादीत नाव मिळाले.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी तेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. या सर्वांना ‘तुम्ही जास्त खाल्ले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. याज्ञिकांच्या कार्याने आपल्याकडून तो सोपेपणा काढून घेतला. साखर कमी करा, चाला, पोट वाढू देऊ नका, हा उपदेश खराच आहे. पण तो चाळिशीतला उपदेश आहे. खरी सुरुवात त्याच्या चाळीस वर्षे आधी, किंबहुना त्या मातेच्या बालपणीच झालेली असते. म्हणून २०१२ पासून त्याच खेड्यांतील तरुण मुलामुलींना, पुढे ती आईबाप होतील या हेतूने, रोज थोडेसे बी-१२ देण्याचा प्रयोग आरंभला गेला. औषध पुढे होणाऱ्या बालकाच्या आरोग्यासाठी आणि ते घ्यावयाचे आईबाप होणाऱ्यांनी, असा हा दूरदृष्टीचा उपाय आहे. त्याचे पूर्ण फळ दिसण्यास आणखी काळ लागेल.

झाशी सोडण्यापूर्वी मी आजींना भेटावयास गेलो. जे वाचले ते जमेल तसे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. घरात सून दुसऱ्यांदा गरोदर होती. नेहमीप्रमाणे आधी आम्ही पुरुष, मग नात, मग आजी, आणि शेवटी उरले तर तिचे जेवण, असा क्रम ठरलेला होता. त्या दिवशी आजी उठल्या, दुधाचा पेला आणि पालकाची वाटी सुनेच्या ताटात ठेवली, आणि तिला आमच्याच पंक्तीला बसवले. मला म्हणाल्या, “आम्ही जन्मभर शेवटी जेवलो, साहेब. त्यात पुण्य आहे असे आम्हांला शिकवले होते. त्याचे कर्ज मुलांनी फेडायचे असते, हे कोणी सांगितले नव्हते.”

आपल्या घरातील जी मुलगी उद्या आई होणार आहे, तिच्या ताटाकडे आज रात्री जेवताना आपण एकदा पाहावे. आणि घरातील एखादा बारीक माणूस थकवा येतो म्हणाला, तर त्याच्या बारीकपणावर विसंबू नये. त्याचे रक्त तपासून घ्यावे.